मामाच्या छातीतली शिट्टी

माझा मामा सत्तावीस वर्षं एकाच बेकरीत पीठ मळत होता. गल्लीतली माणसं त्याला भट्टीमामा म्हणायची, पण भट्टीशी त्याचा तसा संबंध नव्हता, भट्टीवर दुसरा माणूस असायचा. मामाचं काम मळण्याचं. सकाळी पाचला जायचं, मैद्याची पोती फोडून यंत्रात रिकामी करायची, पाणी किती नि खमीर किती ते हवा बघून ठरवायचं, आणि गोळा तयार झाला की लांब ओट्यावर पीठ भुरभुरून त्याचे तुकडे पाडायचे. ते भुरभुरणं बघण्यासारखं असायचं. मनगटाला एक झटका, की ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पिठाचा सारखा थर. जरा वेळ हवेत पांढरं धुकं राहायचं आणि मग हळूहळू खाली बसायचं. लहानपणी शाळेला जाताना मी बेकरीच्या मागच्या खिडकीशी थांबून ते बघायची आणि मला उशीर व्हायचा.

दुपारी दोनला तो घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या असायच्या. मामी त्याला दाराबाहेरच अंग झटकायला लावायची. आम्ही, म्हणजे मी आणि आई, त्याच इमारतीत एक मजला खाली राहतो, त्यामुळे त्याचं झटकणं आम्हाला ऐकू यायचं आणि दोन वाजले हे कळायचं.

शिंका सुरू झाल्या तेव्हा मामा सेहेचाळीस वर्षांचा होता. पोतं फोडलं की सुरू. सात, आठ, कधी अकरा. बेकरीतले लोक मोजायचे आणि आकड्यावर चहाची पैज लावायचे. मामाही त्यात असायचा. नाकाला धार, डोळ्यांना खाज, आणि विचारलं की उत्तर एकच, "सर्दी आहे." दोन वर्षं चालणाऱ्या सर्दीला सर्दी म्हणतात का, हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गात बत्तीस मुलं आहेत, त्यातल्या सहा जणांच्या दप्तरात दम्याचा पंप असतो आणि थंडी पडली की निम्मा वर्ग नाक ओढत बसतो. आमच्या शहरात सर्दी कोणी मनावर घेत नाही.

मग एका संध्याकाळी शिट्टी वाजली.

मी स्टूल परत करायला वर गेले होते. मामा खिडकीजवळच्या खुर्चीत चहा पीत बसला होता. कुठूनतरी बारीक, लांबट आवाज येत होता, दूरच्या घरात किटली उकळत असावी तसा. मामी आत जाऊन बघून आली, शेगडी बंद होती. मामा म्हणाला, "तो टीव्ही कमी करा जरा." टीव्हीही बंद होता. शेवटी माझी मामेबहीण, सोळा वर्षांची, सरळ त्याच्या पाठीला कान लावून उभी राहिली.

"बाबा, तू वाजतोयस," ती म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. सगळ्यात जास्त मामा हसला. हसता हसता त्याला खोकला आला आणि तो खोकला पाऊण तास थांबला नाही.

त्यानंतर हे रोजचंच झालं. सकाळी बेकरीत शिंका सोडल्या तर त्याला काही होत नसे, पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन तो पायऱ्या चढायचा. दुपारी जेवून पडायचा, तेव्हाही ठीक. संध्याकाळी सहा वाजले की छाती आवळायला लागायची. कोणीतरी दोरी बांधून हळूहळू पीळ देतंय असं वाटतं, असं तो सांगायचा. म्हणजे जे काही होत होतं ते घरात होत होतं. तेव्हा कारणही घरातच असणार, हे आम्हा सगळ्यांना लगेच पटलं. मामाला तर सगळ्यात आधी पटलं.

मग शोध सुरू झाला. आई म्हणाली, न्हाणीघराच्या भिंतीला ओल आहे. भिंत खरवडली, रंग दिला, आणि रंगाच्या वासाने मामा तीन दिवस आमच्याकडे येऊन राहिला. तळमजल्यावरचे वकीलकाका म्हणाले, कबुतरं. गॅलरीला जाळी लावली. कबुतरं जाळीवर बसायला लागली. मामीचं मत होतं की समोर जुनी इमारत पाडतायत त्याची धूळ येते, म्हणून खिडक्या बंद झाल्या, आणि बंद घरात त्याला जास्तच कोंडल्यासारखं होऊ लागलं. पडदे काढले, सतरंजी काढली, रजया उन्हात टाकून टाकून विटल्या. मामीने साबण बदलला, तेल बदललं, तळण बंद केलं.

एकदा जिन्यात तिने मला थांबवलं. "तुला सांगते, कुणाला बोलू नकोस. मी जवळ बसले की यांना धाप लागते. मी बघितलंय. आता इतक्या वर्षांनी मीच यांना सोसत नाही की काय?"

मी म्हटलं, "मामी, काहीतरीच काय." पण मला तरी कुठे माहीत होतं काय सोसतं नि काय नाही.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आधी खोकल्याचं औषध दिलं, मग पंप दिला आणि त्रास झाला की ओढा म्हणाले. मामाने तो टेबलाच्या खणात चमच्यांच्या मागे ठेवून दिला. पंप म्हणजे पोरांचं आणि म्हाताऱ्यांचं काम, असं त्याच्या डोक्यात होतं. बेकरीत कुणाला कळलं तर ते त्याच्यावरही पैजा लावतील, हेही होतं.

राहता राहिला बोका. मामेबहिणीने दोन वर्षांपूर्वी पावसात भिजलेला आणला होता, आता तो मामाच्याच मांडीवर बसायचा. नेमका संध्याकाळी, नेमका चहाच्या वेळी. एकदा ही गोष्ट लक्षात आल्यावर मग दुसरं काही दिसेना. सगळ्यांनाच तो पटला. मामेबहीण दोन दिवस रडली, मग स्वतःच त्याला टोपलीत घालून मैत्रिणीकडे सोडून आली. मैत्रीण नदीपलीकडे राहायची. परत आल्यावर ती मामाशी बोलायची, पण कामापुरतं. "जेवायला वाढलंय." "दार लाव." एवढंच.

बोका शनिवारी गेला. सोमवारी बेकरीतल्या भट्टीचं आतलं छत खचलं आणि मालकाने दुरुस्तीसाठी बेकरी बंद ठेवली. बारा दिवस.

त्या बारा दिवसांत मामा बरा झाला. पहिले दोन-तीन दिवस थोडी कुरकुर होती, मग शिट्टी थांबली. दहाव्या दिवशी तो जिना एका दमात चढून वर गेला आणि वरून मला हाक मारून म्हणाला, "ऐकलंस का, काही ऐकू येत नाहीये." मामीने कित्येक महिन्यांनी तळण काढलं. आईने सगळ्यांना सांगितलं की बोकाच होता. वकीलकाका म्हणाले की त्यांना आधीपासून संशय होता, कबुतरांचं ते फक्त सुचवलं होतं. मामेबहीण ताटावरून उठून आत गेली. तिला काय वाटत असेल ते कळत होतं. बाबा बरा झाला म्हणून आनंद मानायचा, तर बोका दोषी होता हे मान्य करायचं.

बेकरी उघडली. चौथ्या संध्याकाळी शिट्टी परत आली.

मामा इतका गोंधळलेला मी कधी पाहिला नव्हता. "मांजर गेलं ना," तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. "मग आता कोण राहिलं?" मामी म्हणाली सोफ्यात केस असतील. सोफा काढला. खोली इतकी रिकामी झाली की बोललं तर आवाज घुमायचा, आणि त्या घुमणाऱ्या खोलीत मामा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाजायचा. मग त्याने घरच सोडून बघितलं. चार दिवस संध्याकाळी तो बागेत बाकावर जाऊन बसला. तिथेही तेच. "म्हणजे घर माझ्या मागेमागे बागेत येतं," तो मला म्हणाला. विनोद करत होता की खरंच विचारत होता, ते मला कळलं नाही. बहुधा त्यालाही.

पुढच्या आठवड्यात, संध्याकाळी सातच्या सुमाराला, मामेबहीण क्लासहून परत येत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मामा पायरीवर बसलेला दिसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत चढलेले, तोंड उघडं. तिने विचारलं काय झालं, तर त्याने एक बोट वर केलं. थांब, सांगतो, अशा अर्थाने. पण सांगायला हवा नव्हती. शिट्टीही वाजत नव्हती. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, ती वाजत नव्हती हेच वाईट होतं, वाजण्यापुरतीही हवा आत जात नव्हती.

ती खाली धावत आली आणि आमचं दार बडवलं. वकीलकाकांनी गाडी काढली. वाटेत ती मागच्या सीटवर त्याचा हात धरून बसली होती आणि एकसारखं म्हणत होती, "बाबा, सोड. श्वास बाहेर सोड." इतक्या आठवड्यांत ती त्याच्याशी एवढं पहिल्यांदाच बोलत होती.

हॉस्पिटलात एका लांब खोलीत ओळीने खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीत तोंडावर वाफेचा मास्क लावलेला एकेक माणूस. टाय लावलेला एक जण, गणवेशातला पोलीस, एक गरोदर बाई, आईच्या मांडीवरची मुलगी, माझ्या शाळेतला एक माजी विद्यार्थी. सगळ्यांच्या तोंडासमोर पांढरी वाफ. अर्ध्या तासाने मामाला बोलता यायला लागलं तेव्हा त्याने मास्क जरा बाजूला करून नर्सबाईंना पहिला प्रश्न विचारला, "ही सगळी माणसं इथलीच? आपल्याच शहरातली?"

"हो काका," त्या म्हणाल्या. "आज गर्दी कमी आहे. मास्क लावा."

तो कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. नंतर मला म्हणाला, "मला वाटायचं हे मलाच आहे."

दुसऱ्या दिवशी छातीच्या डॉक्टरीणबाई आल्या. चाळिशीतल्या, घाई नसलेल्या. त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली. भिंत, कबुतरं, साबण, बोका, सोफा. मामी सांगत होती, आई भर घालत होती. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि मग मामालाच विचारलं, "मधे बरं वाटलं म्हणालात, ते कधी?"

"मांजर गेलं तेव्हा. बारा दिवस."

"त्या बारा दिवसांत आणखी काय वेगळं होतं?"

मामा विचार करून म्हणाला, "काही नाही. घरीच होतो."

"घरी का होता?"

"बेकरी बंद होती."

तो बोलून गेला.  मामीने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. मामाच्या मात्र अजून लक्षात आलं नव्हतं. तो बाईंना समजावून सांगायला लागला की बेकरीत त्याला काहीच होत नाही, नुसत्या शिंका येतात, त्रास सगळा घरी होतो.

बाईंनी त्याला एक नळी दिली. एका बाजूने जोरात फुंकायचं, की काटा सरकून आकडा दाखवतो. सकाळी उठल्यावर, बेकरीतून आल्यावर, संध्याकाळी, झोपताना, असं चार वेळा फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा. रोजची औषधं त्यांनी दिलीच, पण म्हणाल्या, महिनाभर वही भरून आणा, त्यात एक आठवडा रजा घ्या.

वही मामेबहिणीने सांभाळली. तिने आलेखाच्या कागदावर टिंबं काढून रेघ जोडली. रेघ आठवड्याच्या सुट्टीला किंचित वर जायची, कामाच्या दुसऱ्या दिवसापासून घसरायची, आठवड्याच्या शेवटी सगळ्यात खाली. रजेच्या आठवड्यात ती जिन्यासारखी चढत गेली. तिसरीतल्या मुलालाही कळलं असतं. मामाला कळत होतं, पटत नव्हतं.

"मी सत्तावीस वर्षं पिठात उभा आहे," तो बाईंना म्हणाला. "व्हायचं तर पहिल्या वर्षी झालं असतं."

"पहिल्या वर्षी होत नाही. शरीर वर्षानुवर्षं गप्प बसतं आणि मग एक दिवस चिडतं. आणि चिडलं की कधीकधी लगेच नाही, सहा-सात तासांनी. सकाळचं पीठ संध्याकाळी छातीत उतरतं. म्हणून तुम्हाला घर दिसत राहिलं."

"पण मी पाव खातो. रोज खातो. मला काही होत नाही."

"खाल्लेलं पोटात जातं, उडालेलं फुप्फुसात. खा खुशाल, ओढू नका."

हे वाक्य मामाला अजिबात झेपलं नाही. घरी येताना तो दोनदा म्हणाला, "तेच पीठ. गिळलं तर चालतं, हुंगलं तर नाही. कसं काय?"

मग हातावर थेंब टाकून, टोचून तपासणी झाली. आता तरी एक काय ते नाव कळेल असं आम्हाला वाटत होतं. मैद्याच्या थेंबाखाली मोठी गांधी उठली. पण रजई-गादीतल्या धुळीतल्या किड्यांच्या थेंबाखालीही उठली. आणि मांजराच्या थेंबाखालीही, लहानशी. कबुतर निर्दोष सुटलं.

मामेबहीण ती लहानशी गांधी बघत राहिली. "म्हणजे बोका होता की नव्हता?"

"होता, थोडासा," बाई म्हणाल्या. "मुख्य पीठ. पण छाती एकदा नाजूक झाली की मग धूळ, धूर, थंड हवा, सगळेच हात धुऊन घेतात. कुणाचा वाटा किती ते मला वेगळं काढून देता येणार नाही. शहरात राहणाऱ्या कुणाचाही हात असा टोचला तर काही ना काही उठतंच."

मला वाटतं, त्या दोघांना त्या दिवशी सगळ्यात जड गेलं ते हेच. मामेबहिणीला बोका निर्दोष हवा होता. मामाला कोणीतरी एकच गुन्हेगार हवा होता, आणि तो पीठ नको होता.

मालक वाईट माणूस नव्हता. मामाच्याच वयाचा, दोघं एकत्र म्हातारे होत आलेले. त्याने आलेख उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "पिठाने दम लागतो तर मग मला का नाही लागत?"  आपण काही खोटं बोलतोय की काय, असं मामाचं मामालाच वाटायला लागलं. तरी मालकाने जाडसर मास्क आणवले, पोती उंचावरून न ओतता तोंड यंत्रात खाली टेकवून रिकामी करायची असं ठरलं, ओट्यावर पीठ भुरभुरण्याऐवजी तेलाचा हात फिरवायचा असं ठरलं. सहा आठवडे मामाने मास्क लावून काम केलं. घामाने मास्क चिकटायचा, बोललेलं कुणाला कळायचं नाही. रेघ थोडी सुधारली. पुरेशी नाही. शिंका मात्र चालूच राहिल्या, आता मास्कच्या आत.

शेवटी त्यानेच मालकाला सांगितलं की पीठ मळणं सोडतो. मला हे मामीकडून कळलं. घरी आल्यावर तो न जेवता बराच वेळ हात धूत उभा होता, असं ती म्हणाली.

मालकाने त्याला गाडीवर घेतलं. पावाचे बंद क्रेट भरलेली छोटी गाडी चालवायची, हॉटेलं, शाळा, हॉस्पिटलांची कँटीनं करत फिरायचं. त्याच्या जागी दुसऱ्या बेकरीतून एक बाई आली, पस्तिशीची, हाताने चपळ. पहिले पंधरा दिवस गोळा बिघडत होता, तेव्हा मामा मागच्या खिडकीबाहेर उभा राहून तिला पाणी कमी-जास्त सांगायचा. आत पाऊल टाकायचा नाही. एकदा त्याने तिला सरळ विचारलं, "ताई, शिंका येतात का तुम्हाला?" ती म्हणाली, "सर्दी आहे थोडी." मामाने नळी आणि नवी वही तिच्या हातात ठेवली. तिने ती घेतली, पण तिचा चेहरा असा झाला, जणू हा माणूस त्याची नोकरी परत मागायला आलाय. त्याने ते मला सांगितलं आणि विचारलं, "माझं बोलणं चुकलं का गं?" मी म्हटलं, नाही. पण ती फुंकते की नाही ते आम्हाला अजून माहीत नाही.

बोका परत आला नाही. मामानेच एकदा विषय काढला, तेव्हा मामेबहीण म्हणाली की तो आता तिकडचा झालाय, भेटायला गेलं तर तिच्याकडे पाठ करून बसतो. हे सांगताना तिला रडू आलं नाही, मामाला आलं. ती आता त्याच्याशी पूर्वीसारखी बोलते. कधी बोलायला लागली ते नेमकं कुणालाच सांगता येणार नाही.

आज या गोष्टीला दोन वर्षं होत आली. मामा सकाळ-संध्याकाळ औषध ओढतो, न लपवता, चहाच्या टेबलावर. जिना चढतो. हवा खराब झाली, समोर काही पाडापाडी निघाली, की दोन-चार दिवस पुन्हा आवळतं, आणि मग तो खिडकी बंद करावी की उघडावी या विचारात खिडकीशी उभा राहतो. शाळेच्या कँटीनला पाव द्यायला येतो तेव्हा मधल्या सुट्टीत आमची भेट होते. परवा मैदानावर माझ्या वर्गातली एक मुलगी धावता धावता थांबली, दप्तरातून पंप काढला, दोनदा ओढला आणि परत धावायला लागली. मामा तिच्याकडे बघत होता.

मी विचारलं, "मामा, तुला आता पूर्ण बरं वाटतं का?"

 तो रिकामे क्रेट एकात एक बसवत राहिला. मग म्हणाला, "बरं म्हणजे कसं असायचं, तेच नीट आठवत नाही गं. आधी श्वास घेतोय हे कधी कळायचंच नाही. आता कळतं. चांगला असला तरी कळतो." आणि जरा थांबून, "तुला कळतो का तुझा?"

मी क्षणभर लक्ष देऊन बघितलं. कळायला लागला होता. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "बघ," आणि गाडीचं दार लावून पुढच्या कँटीनकडे निघून गेला.